तीसच्या आतली माणसं

जानेवारी लागला की पनवेलच्या बाजारात वालाच्या शेंगांचे ढीग येतात आणि त्यांच्या बाजूला भांबुर्ड्याच्या पाल्याच्या जुड्या. पोपटीचे दिवस. मडक्यात पाला, पाल्यावर शेंगा, बटाटे, अंडी, वर पुन्हा पाला. मडकं पालथं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. परवा आमच्या इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत शेजाऱ्यांनी पोपटी लावली आणि मलाही बोलावलं. पाल्याचा तो उग्र, ओवा चुरडल्यासारखा वास कपड्यांत बसेपर्यंत मी तिथे उभी होते. गरम शेंग सोलून दाणे तोंडात टाकले आणि मला चव लागली.

चव लागली, हे मी मुद्दाम लिहिते आहे. दोन वर्षांपूर्वी याच हंगामात ती लागली नव्हती. तेव्हाही शेजाऱ्यांनी वाटीभर शेंगा घरी आणून दिल्या होत्या. मी त्या खाल्ल्या, वाटी घासली आणि परत देताना "छान झाली होती" असंही म्हटलं. पण ते सगळं काचेपलीकडे चाललं होतं. सकाळी गाढी नदीवर धुकं असायचं, वीटभट्ट्यांचा धूर त्या धुक्यात मिसळायचा, ऊन वर आलं की लांब कर्नाळ्याचा सुळका दिसायला लागायचा. मला हे सगळं दिसत होतं. आज धुकं आहे, आज नाही, एवढंच कळत होतं. त्यापुढे काही होत नव्हतं.

त्या दिवाळीत नाना गेले होते. नाना म्हणजे माझे वडील. घरात आम्ही दोघंच. माझं लग्न झालं नाही. त्याला काही कथा नाही, राहून गेलं. मी त्यांचं शेवटचं, उशिरा झालेलं मूल. नोकरी, घर आणि नाना अशी माझी पंचवीसेक वर्षं गेली. ते गेले त्या सकाळी मी दूध तापवत होते. दूध उतू गेलं नाही, मी वेळेवर गॅस बंद केला. मग डॉक्टरांना फोन केला. मी रडले नाही. चौदाव्या दिवशी ऑफिसला गेले आणि संगणक सुरू केला.

नाना उरणकडच्या शाळांमधून शिकवायचे. जूनमध्ये पहिलीत नाव घालायला आईबाप मुलाला घेऊन यायचे आणि त्याची जन्मतारीख कोणालाच ठाऊक नसायची. नाना मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाताला लागला तर सहा वर्षं झाली. मग आईला विचारत, "हा झाला तेव्हा भात लावला होता की कापला होता? थोरली तेव्हा चालत होती का?" अशा प्रश्नांवरून साल ठरायचं, आणि तारीख सगळ्यांची एकच, एक जून. माझ्या लहानपणी शाळेच्या ओट्यावर बसून मी हे पाहिलं आहे. एकदा मी त्यांना विचारलं होतं, "नाना, खोटी तारीख लिहिलेली चालते?" ते म्हणाले, "तारीख खोटी असू दे. माणूस खरं आहे ना, त्याची नोंद राहिली पाहिजे."

पुढे मीही तारखांच्याच कामात पडले. संगणक शिकून नोकरीला लागले तेव्हा शतक संपत आलं होतं. जुन्या प्रोग्रॅममध्ये जागा वाचवायला साल दोनच आकड्यांत लिहायची पद्धत होती. अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव इथवर ठीक होतं, पण पुढे शून्य शून्य आलं की यंत्राला ते एकोणीसशेच वाटणार. म्हणून जगभर दोनाचे चार आकडे करायचं काम निघालं. मी दोन वर्षं दुसरं काही केलं नाही. दोन आकडे दिसले की थांबायचं आणि विचारायचं, हे साल कोणत्या शतकातलं? मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं की जन्मतारखेच्या बाबतीत तर दोन आकड्यांवर कधीच विसंबू नये.

आणि तीच चूक पंचवीस वर्षांनी माझ्याच हातून झाली.

आमची कंपनी लहान, दहा-बारा माणसांची. त्या हिवाळ्यात आमच्याकडे एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी नव्या प्रणालीत नेण्याचं काम होतं. जुन्या नोंदींत जन्मतारखा दोन आकडी सालाच्या होत्या. आम्ही वापरत होतो त्या साधनात एक रेघ आधीच आखलेली होती. साल तीसच्या आतलं असेल तर ते दोन हजारातलं धरायचं, तीस किंवा पुढचं असेल तर एकोणीसशेमधलं. म्हणजे बेचाळीस असेल तर एकोणीसशे बेचाळीस आणि बारा असेल तर दोन हजार बारा. बहुतेक माणसांसाठी हे बरोबर निघतं. जी फार म्हातारी आहेत त्यांच्यासाठी नाही. ती रेघ हलवणं किंवा जन्मतारीख आजच्या पुढची निघाली तर शंभर वर्षं वजा करणं हे चार ओळींचं काम होतं.

शेखभाई आमच्याकडे तपासणीचं काम करतात. माझ्याच वयाचे, शांत माणूस. ते हातात कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, तीसच्या आतले जे बुजुर्ग आहेत, त्यांचं काय करायचं?"

मी स्क्रीनवरून नजर काढली नाही. "त्या सालांचं आता कोण राहिलंय, शेखभाई?"

त्यांनी हातातला कागद दुमडला. नानांच्या मातीला आले होते ते. नानांचं साल अठ्ठावीस हे त्यांना माहीत होतं का, मला ठाऊक नाही. "ठीक आहे," म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

तेव्हा मी हे बेफिकिरीने म्हटलं नव्हतं. मला ते खरंच तसं वाटत होतं. माझ्यापुरती त्या सालांतली माणसं संपली होती. माझ्या घरात त्या सालातलं एक माणूस होतं, ते गेलं, म्हणजे ते सालच गेलं. सुन्न माणूस रडत नाही, ओरडत नाही, कामावर वेळेत येतो. त्यामुळे त्याच्या हातून काही चुकेल असं कुणाला वाटत नाही. त्याला स्वतःलाही वाटत नाही.

फेब्रुवारी संपता संपता रुग्णालयातून फोन आला. खिडकीवर एक बाई भांडते आहे, तिच्या सासरच्या आजींचं कार्ड तिच्या हातात आहे, त्यावर नंबर आहे, पण संगणकात त्या नंबराचं कोणी नाहीच. शेखभाईंनी तासाभरात शोधून काढलं. नोंदी नेताना प्रणालीने ज्या नाकारल्या होत्या त्यांची एक वेगळी फाइल तयार झाली होती आणि ती आमच्यापैकी कोणी उघडलीच नव्हती. त्यात एकेचाळीस नावं होती. प्रत्येक नावापुढे कारण लिहिलेलं होतं: जन्मतारीख भविष्यातील.

शेखभाईंनी फाइल माझ्यासमोर उघडून ठेवली. मी एकेक नाव वाचलं. सव्वीस, एकोणतीस, सत्तावीस, पंचवीस. बहुतेक माणसं केव्हाच गेलेली असणार. पण एकेचाळीसपैकी चौघांची नावं मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी लागलेली होती. जुन्या यादीत त्यांचे क्रमांक जवळ आले होते. नव्या यादीत ती नव्हतीच. तीन महिने त्यांना बोलावणं गेलं नव्हतं.

मला आठवतं, मी तेव्हा स्वतःकडे पाहत होते, की आता काहीतरी वाटेल. काही वाटलं नाही. कानात बारीक गुणगुण झाली, तेवढंच.

आमचे मालक म्हणाले, "दुरुस्ती करून टाका. तांत्रिक अडचण होती असं त्यांना कळवू. बाकी बोलायची गरज नाही."

"चौघांना मी सांगते," मी म्हटलं.

"ते आपलं काम नाही, ताई."

"माहीत आहे."

त्यांनी अडवलं नाही. दुरुस्ती मी त्याच दिवशी केली. मग एकेचाळीस नोंदी एकेक करून हाताने घेतल्या, प्रत्येक साल चार आकड्यांत लिहिलं आणि चौघांचे फोन नंबर काढले. पहिल्या आजोबांची शस्त्रक्रिया मुलीने दुसरीकडे करून घेतली होती. दुसऱ्या आजींना आठवड्यात बोलावणं गेलं आणि त्यांना दिसायला लागलं. तिसऱ्यांच्या मुलाने फोन उचलला. "बाबा डिसेंबरात गेले," तो म्हणाला. "शेवटी शेवटी रोज विचारायचे, फोन आला का म्हणून. आता कशाला फोन करताय?" मी माझं नाव सांगितलं, माझी चूक सांगितली. त्याने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

चौथा नंबर लागत नव्हता. कार्डावर नाव होतं गंगाबाई आणि पत्ता एवढाच, ओवे गाव.

खारघरच्या उंच इमारतींच्या कडेला ओवे आहे. रिक्षा रुंद रस्त्यावरून अचानक गावात शिरली आणि दारादारांत सुकत घातलेल्या मासळीचा वास आला. घर दोन जणांना विचारून सापडलं. ओट्यावर एक खूप म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. उजव्या डोळ्यावर पांढरं फडकं बांधलेलं. डाव्या डोळ्याची बाहुली दुधाळ झालेली. आतून पस्तिशीची एक बाई बाहेर आली. खिडकीवर भांडली होती ती हीच, गंगाबाईंची नातसून संगीता.

मी सांगितलं मी कोण ते. संगीता उभीच राहिली.

"तीन वेला गेलो आमी," ती म्हणाली. "परत्येक वेला सांगतात, यादीत नाव नाय, फोन येल. जानेवारीत डोला लाल झाला, आजी रात-दिस तळमळत व्हत्या. आमाला वाटला चुलीच्या धुराचा हाय. दुसऱ्या डॉक्टरकडं नेला तर तो म्हणतो मोतीबिंदू पिकून आत फुटला, दाब वाढला, उशीर झाला. गेला डोला."

"चूक रुग्णालयाची नाही," मी म्हटलं. "ती माझ्या हातून झाली. आजींचं जन्मसाल संगणकाने चुकीचं धरलं, कारण मी त्याला तसं धरू दिलं. मला एकाने विचारलंही होतं. मी ऐकलं नाही."

गंगाबाईंनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. "माजा साल बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "चिरनेरला जंगलापायी गोळीबार झाला ना, तवा मी तीन वर्साची व्हते. आईच्या कडंवर. माजा माहेर तिकडचा. आई सांगायची. कार्ड करणाऱ्या पोरीनं त्याच्यावरना साल काडला."

"साल बरोबर आहे, आजी. गोळीबार तीस साली झाला, म्हणजे तुमचं एकोणीसशे सत्तावीस. कार्डावर नुसतं सत्तावीस लिहिलंय. संगणकाने त्याचं दोन हजार सत्तावीस केलं."

त्यांचे ओठ हलले. मनात मोजत असाव्यात. "दोन हजार सत्तावीस आजून आला नाय."

"नाही."

"मंजे तुमच्या मशीनमंदी मी आजून जल्माला यायची हाय?"

"हो, आजी."

त्यांच्या अंगाला बारीक हिसका बसला. मला आधी कळलं नाही. त्या हसत होत्या. संगीता हसली नाही. "आजी, डोला गेलाय तुमचा," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुमी आलात, सांगितलात, बरा केलात. पन उजवा डोला परत येनार हाय का?"

"नाही."

"मंग?"

मी म्हटलं, डाव्या डोळ्याचा नंबर लावून आले आहे, येत्या गुरुवारचा. संगीता म्हणाली की आता त्यांचा कोणावर भरवसा नाही, आहे तो उजेडही जायचा. ती चुकीचं बोलत नव्हती. मी उठायला लागले, तशा गंगाबाई म्हणाल्या, "तू येशील का संगं?"

"मी?"

"तूच तर म्हनतेस तुजी चूक हाय. मंग तू ये. हात धराया कोनतरी पायजे."

गुरुवारी मी रजा घेतली. संगीता, गंगाबाई आणि मी एका रिक्षातून गेलो. त्या दिवसांत सावरी फुलली होती. रस्त्याकडेची पानं गळालेली झाडं लाल फुलांनी भरली होती. गंगाबाईंना ती दिसत नव्हती आणि मला दिसूनही तेवढंच. खिडकीवर मी नाव सांगितलं. नोंद उघडली. जन्मसाल चार आकडी, वय शहाण्णव. खिडकीतल्या मुलीने मान वर करून पाहिलं आणि "शहाण्णव बरोबर आहे ना?" असं विचारलं. मी बरोबर आहे म्हटलं. गंगाबाईंनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. त्यांची बोटं सुकलेल्या शेंगांसारखी हलकी होती, पण पकड घट्ट. आत नेईपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही. बाहेर बाकावर मी आणि संगीता बसलो. तिने डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी मला दिली. दोघींनी खाल्लं.

त्या हंगामाचा मी पुष्कळदा विचार करते. शोक म्हणजे रडणं, जेवण न जाणं, असं आपण धरून चालतो. माझं जेवण नीट चाललं होतं. माझा शोक एका फाइलमध्ये जाऊन बसला होता आणि ती फाइल कोणी उघडत नव्हतं. त्याची किंमत एका अनोळखी म्हातारीच्या उजव्या डोळ्याने दिली. हे मी स्वतःला दोष द्यायला लिहीत नाही आणि माफ करून घ्यायलाही नाही. तसं झालं, एवढंच. आता आमच्या कंपनीत नाकारलेल्या नोंदींची फाइल रोज सकाळी उघडली जाते. शेखभाईंनी काही विचारलं की मी हातातलं काम ठेवून त्यांच्याकडे पाहते. पण आधीच्या त्या तीन महिन्यांना हे काही लागू पडत नाही.

गंगाबाई अजून आहेत. अठ्ठ्याण्णव. मी जाते अधूनमधून. संगीता चहा देते. माझ्याशी ती अजूनही बेतानेच बोलते आणि ते मला योग्य वाटतं. त्या जुन्या नियमाने पाहिलं तर गंगाबाई पुढच्या वर्षी जन्माला येतील. हे त्यांच्या लक्षात आहे आणि येणाऱ्या जाणाऱ्याला त्या ते सांगतात. सांगताना त्यांचा डावा डोळा चमकतो. उजवा मिटलेला असतो.

त्या गुरुवारच्या शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. खोलीत पडदे ओढलेले. नर्सने पट्टी सोडवली, कापूस बाजूला केला, डोळा हलकेच पुसला. "उघडा आजी, सावकाश." गंगाबाईंनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. आधी त्यांनी भिंत पाहिली. मग स्वतःचे हात, उलटे सुलटे करून. मग संगीताकडे पाहून, "किती वाळलीस गो," म्हणाल्या, आणि संगीताने तोंडाला पदर लावला. मग त्या माझ्याकडे वळल्या. बराच वेळ पाहत राहिल्या.

"तू तर म्हातारी हायस," त्या म्हणाल्या. "आवाजावरना मना पोर वाटलेलीस."

"चोपन्न वर्षांची आहे, आजी."

"आईबाप हायत?"

"आई पूर्वीच गेली. वडील आता दिवाळीत गेले."

"केवडं व्हतं?"

"पंच्याण्णव. अठ्ठावीस सालचा जन्म. एकोणीसशे अठ्ठावीस."

नाना गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येकाने मला हेच सांगितलं होतं की वय झालंच होतं, सगळं पाहून गेले, त्रास न होता गेले, सोनं झालं. सगळे खरंच सांगत होते. मी प्रत्येकाला हो म्हटलं होतं.

गंगाबाईंनी बोटं दुमडून हिशेब केला. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी पुन्हा माझं मनगट धरलं.

"माज्याहून ल्हान व्हता," त्या म्हणाल्या. "लय लवकर गेला गो."

नर्स म्हणाली, आजींनी आता रडायचं नाही, डोळ्याला पाणी लागता कामा नये. गंगाबाई रडत नव्हत्या. नर्सने माझ्याकडे पाहिलं, मग ट्रेमधला कापसाचा एक बोळा उचलून माझ्या हातात दिला आणि मला बाहेर बाकावर नेऊन बसवलं.